पळपुट्या अळ्या

"चोर पकडायचा तर पीठ पाहिजे, पीठ!" तुतारी कुजबुजला.

तुतारीची कुजबुज म्हणजे काय चीज होती, ते आधी सांगायला हवं. तो शाळेत 'हजर' म्हणाला की शेजारच्या शाळेतल्या मुलांचीही हजेरी लागायची! तेव्हा तो नुसता कुजबुजला आणि अंड्यांच्या खोलीतले पुठ्ठ्याचे ट्रे थरथरले, बाहेर वाळत घातलेला टॉवेल दोरीवरून खाली पडला.

"हळू रे!" बारकीनं त्याच्या तोंडावर हात दाबला. "चोराच्या घरी जाऊन निरोप देणंच बाकी ठेवलंयस!"

"पण चोर आहे हे कशावरून?" ट्रेच्या ढिगावर बसलेल्या पणूनं विचारलं.

पणू तुतारीचा दोस्त. त्याचं कुठलंही वाक्य 'पण'शिवाय सुरू व्हायचं नाही. जन्मल्यावर इतर बाळं रडतात, हा "पण मी कुठं आलोय?" असं म्हणाला, अशी तुतारीची खात्री होती. तुतारी हा आत्याचा मुलगा. आणि बारकी ही आत्याची भाची, सुट्टीला आलेली. तिघांत वयानं आणि अंगानं लहान, म्हणून बारकी.

"चोर नाही तर अळ्या गेल्या कुठं?" ती म्हणाली. "पंख फुटून उडून गेल्या?"

"पण अळ्यांना पंख फुटतातच की. माशी झाल्यावर."

"माशी व्हायला वेळ लागतो, शहाण्या! संध्याकाळी खोक्यात वळवळत होत्या. सकाळी पाहिलं तर खोक्यात नाहीत आणि बादलीतही नाहीत!"

होय, चोरीला गेला होता तो अळ्यांचा ऐवज! सोनंनाणं चोरणारे चोर जगात पोत्यानं सापडतील, पण अळ्या चोरणारा चोर म्हणजे फारच दुर्मिळ जात.

त्याचं असं झालं होतं. आत्याच्या अंगणात कोंबड्यांच्या दोन लांबलचक शेड होत्या. अंडी देणारी कोंबडी म्हणजे चालताबोलता कारखाना! जवळजवळ रोज एक अंडं घडवायचं, तर कारखान्याला कच्चा मालही तसाच लागतो. नुसता मका आणि कोंडा खाऊन अंडं होत नाही. त्याला प्रथिनं लागतात. म्हणून सगळे जण खाद्यात सोयाबीनची पेंड घालतात, नाहीतर सुकट मासळीची भुकटी. आत्या मात्र आत्या होती!

"पेंड येते कुठून, तर सात समुद्रांपलीकडून बोटीनं," ती म्हणायची. "आणि माझ्या कोंबड्यांना अंडं घालता यावं म्हणून समुद्रातली मासळी का उपसायची? आपल्या गावातल्या खानावळी रोज ढिगानं भाज्यांची सालं फेकतात. ती सालं अळ्या खातील, अळ्या कोंबड्या खातील, अंडी आपण खाऊ!"

म्हणून डावीकडच्या शेडला पेंडीचं खाद्य आणि उजवीकडच्या शेडला अळ्यांचं, असा तिनं प्रयोग मांडला होता. अळ्या होत्या काळ्या सैनिकमाशीच्या. ही माशी घरातल्या माशीसारखी जेवणावर बसत नाही, तिला मोठेपणी जेवायचीच शुद्ध नसते. पण तिची अळी? लहानपणीच आयुष्यभराचं जेवून घेते!

मागच्या खोलीत गुळगुळीत भिंतींची मोठाली खोकी होती. त्यांत अळ्या सालं खात लोळायच्या. पिकली की अळी तपकिरी होते, खाणं सोडते आणि कोरडी, अंधारी जागा शोधायला निघते. गुळगुळीत भिंत तिला चढता येत नाही. म्हणून आत्यानं प्रत्येक खोक्यात एक खरखरीत फळी तिरकी लावली होती. अळ्या त्या फळीवरून रांगेनं वर चढायच्या आणि टोकाला पोचल्या की टप्पकन खालच्या बादलीत पडायच्या. ना कुणी ढकलायला, ना कुणी बोलवायला! असली शिस्त शाळेच्या रांगेत दिसली असती तर मुख्याध्यापकांनी आनंदानं राजीनामा दिला असता.

आणि गेले काही दिवस बादली रिकामीच!

उजव्या शेडमधल्या कोंबड्यांच्या पोटात मका आणि कोंडा तेवढा जात होता. अंडी लिंबाएवढी व्हायला लागली होती. आणि भुकेल्या कोंबड्यांनी एकमेकींची पिसं उपटून खायला सुरुवात केली होती. बारकीची लाडकी कोंबडी होती, 'मोजेवाली'. तिच्या पायांवर पांढरी पिसं होती, मोजे घातल्यासारखी. आता तिच्या एका पायाचा मोजा कुणीतरी गिळला होता आणि पाठीवर अर्ध्या तळहाताएवढं टक्कल पडलं होतं. तरीही बारकी दिसली की ती जाळीपाशी धावत यायची.

रविवारी अंडी संघाच्या डॉक्टरीणबाई येणार होत्या, दोन्ही शेडची तुलना करायला. आणि त्याच दुपारी ठोक व्यापाऱ्याचा टेम्पो.

"डॉक्टरांनी प्रयोग फसला म्हटलं की अळ्यांची खोली बंद," आत्यानं जेवताना सांगून टाकलं होतं. "दोन्ही शेडना पेंड घालणं मला झेपायचं नाही. उजवी शेड विकून टाकायची." मग तिनं पुढचा घास घेतलाच नाही.

विकलेल्या कोंबड्या कुठं जातात हे बारकीनं विचारलं नाही. टेम्पो कुणाचा, ते तिला माहीत होतं. तो व्यापारी अंडी विकत नव्हता.

"ठरलं!" बारकी ताडकन उठत म्हणाली. "अळ्यांच्या खोलीच्या दारात पीठ पसरायचं. चोर आला की पावलं उमटतील. पीठ मी आणते."

"पण आत्याला कळलं तर?"

"पण नाही न् बिण नाही! पणू, तू झाडू आण!"

*

सकाळी तिघं डोळे चोळत धावले आणि दारातच थबकले.

पिठावर एकही पाऊल नव्हतं. ना बुटाचं, ना चपलेचं, ना मांजराचं. पण सगळं पीठ या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक बारीक रेघांनी भरलेलं होतं. जणू रात्री कुणीतरी येऊन पीठ नीट विंचरून गेलं होतं!

"कंगवा!" तुतारी ओरडला. डाव्या शेडमधल्या सगळ्या कोंबड्या दचकून एकदम उठल्या. "चोरानं पावलं पुसायला कंगवा वापरला! म्हणजे चोराला भरपूर केस आहेत!"

"पण केस असलेला माणूस कंगवा पिठात कशाला घालेल? टकलाच घालेल. त्याला कंगव्याचा दुसरा उपयोगच काय!"

"गप रे दोघं," बारकी गुडघ्यांवर बसली. तिनं नाक जमिनीला टेकवलं. रेघा उंबऱ्याशी थांबत नव्हत्या. पीठ लागलेल्या त्या बारीक पांढऱ्या रेघा पायरी उतरून अंगणात गेल्या होत्या. ती रांगत निघाली, तिच्यामागं पणू आणि त्याच्यामागं तुतारी. दूध घेऊन आलेल्या दूधवाल्यानं ही तीन चतुष्पाद प्राण्यांची वरात पाहिली आणि बरणी पायरीवर ठेवून काढता पाय घेतला.

रेघा अंगणाच्या भिंतीपाशी गेल्या. भिंतीच्या पायथ्याशी उंदरानं पाडलेलं एक भोक होतं. रेघा त्या भोकात शिरल्या होत्या.

बारकीनं मान वर केली. भिंतीपलीकडं पत्र्याचं उंच छप्पर होतं.

"पेंडशेठचं गोदाम!" तिघं एकदम म्हणाले.

पेंडशेठ म्हणजे पेंडीचे व्यापारी. आत्यानं त्यांची पेंड निम्मी केल्यापासून त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. येईल त्या गिऱ्हाइकाला ते सांगायचे, "शेजारच्या बाई कोंबड्यांना किडे चारतात, किडे! उद्या माश्यांचं ऑम्लेट विकतील!" आणि स्वतःच्या गोदामात त्यांनी पाच-सहा कोंबड्या मोकळ्या सोडल्या होत्या, जाहिरातीसाठी. अशा तुकतुकीत की त्यांच्या पिसांत तोंड पाहून भांग पाडावा! अंडी एवढी मोठी की ट्रेच्या खळग्यात बसायला कुरकुर करायची. "शुद्ध पेंड!" शेठ मिशीवरून हात फिरवायचे. "दुसरं काही नाही!"

"चोर सापडला!" तुतारीनं मुठी आवळल्या. "चला, धरू त्याला!"

"पण तो तर पैलवान आहे."

"धरायचं नाही," बारकी म्हणाली. "आधी गोदाम पाहायचं. तुतारी, तुला पेंडीबद्दल किती माहिती आहे?"

"काहीच नाही."

"छान! मग शेठना विचार. जितकं कमी समजेल तितकं जास्त विचार!"

*

पेंडशेठ गोदामाच्या दारात खुर्चीत बसले होते. ती खुर्ची आणि शेठ यांचा इतका जुना सहवास होता की उठताना कुणी कुणाला सोडायचं हे आधी ठरवावं लागे. गोदामाच्या मागच्या टोकाला ते शेवटचे कधी गेले होते, ते त्यांच्या मिशीलाही आठवत नसेल.

"शेठ!" तुतारी म्हणाला आणि छपरावरची कबुतरं उडाली. "मला पेंडीवर निबंध लिहायचाय. पेंड म्हणजे काय?"

"हळू बोल, बहिरा नाहीये मी! अजून!" शेठ दचकले. पण डोळे मात्र चमकले. आजवर कुणी त्यांना हा प्रश्न विचारलाच नव्हता. "बस बाळ, बस! पेंड म्हणजे... असं बघ, सोयाबीनचा दाणा घेतला, त्यातलं तेल काढलं..."

"तेल का काढलं?"

"का म्हणजे? तळायला!"

"पेंड तळतात?"

"अरे पेंड नव्हे! तेलात तळतात... तू पहिल्यापासून ऐक!"

शेठ पहिल्यापासून सांगायला लागले आणि बारकी आणि पणू पोत्यांच्या भिंतीआडून मागं सटकले.

मागं अंधार होता, उबदार आणि कोरडा. पोत्यांच्या थप्प्या लाकडी फळ्यांवर रचलेल्या. आणि फळ्यांच्या कडेला शेठच्या त्या तुकतुकीत कोंबड्या पाय मागं टाकून जमीन उकरत होत्या. खर्र, खर्र, टक! खर्र, खर्र, टक!

बारकी पालथी पडली आणि तिनं फळीखाली डोकावून पाहिलं.

"बाई गं!" ती पुटपुटली.

फळ्यांखाली तपकिरी अळ्यांचा थर पसरला होता. तांदळाचं पोतं सांडावं तसा! काही वळवळत होत्या, बऱ्याचशा कडक होऊन निवांत झोपल्या होत्या. कोंबडी चोच घालायची आणि टक्! भुईमूग सोलल्यासारखी एकेक उचलायची. अळ्यांची लांबलचक रांग भिंतीतल्या त्याच भोकातून थेट इथवर येत होती.

"पण..." पणूनं कान खाजवला. "पण म्हणजे कुणी चोरल्याच नाहीत! त्या स्वतःच आल्या!"

बारकीनं मान हलवली. कोरडी, अंधारी जागा शोधत आल्या होत्या त्या. पीठ विंचरणारा कंगवा म्हणजे त्याच. आपण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो! बिचाऱ्या शेठना तर पत्ताच नव्हता की त्यांच्या खुर्चीमागं केवढी पंगत बसलीय.

बाहेरून आवाज आला, "म्हणजे शेठ, तेल काढल्यावर सोयाबीनला दुखतं का?"

"तुझ्या मास्तरांना माझा नमस्कार सांग," शेठ घामाघूम झाले होते. "आणि सांग, की त्यांच्या सहनशीलतेला माझा सलाम!"

*

"पण खोक्यातून बाहेर कशा आल्या?" परत आल्यावर पणूनं नेमका मुद्दा पकडला. "भिंती गुळगुळीत आहेत. फळी बादलीशी संपते. पण बादलीत एकही नाही."

"संध्याकाळी लपून पाहू," बारकी म्हणाली. शनिवार होता. टेम्पो उद्या येणार होता.

संध्याकाळी आत्या अंडी पोचवायला गेली. तिघं अळ्यांच्या खोलीच्या खिडकीखाली दबा धरून बसले. थोड्याच वेळात शीळ ऐकू आली. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातलेले, खांद्यावर हिरव्या नळीचं वेटोळं, अशा थाटात कोण यावं?

"बाबा!" तुतारीच्या घशातून चक्क खराखुरा बारीक आवाज निघाला.

तुतारीचे बाबा, म्हणजे बारकीचे काका, जन्मभर स्वच्छता निरीक्षक होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांच्या स्वच्छतेपुढं साबणही घाबरायचा, कारण ते वापरण्याआधी साबण धुऊन घेत. निवृत्तीनंतर त्यांनी घर धुतलं, अंगण धुतलं, अंगणाची भिंत धुतली, आणि मग धुण्याजोगं काहीच उरलं नाही म्हणून दोन दिवस आजारी पडले. पण अळ्यांच्या खोलीतलं त्यांचं हे नवं काम आत्याला ठाऊक नव्हतं. कसं असणार? ती नेमकी याच वेळी बाहेर असायची.

"उद्या डॉक्टरीणबाई येणार," काका स्वतःशीच म्हणाले. "वास नको, घाण नको. हिला काय कळतंय! किड्यांची खोली झाली म्हणून काय झालं?"

आणि त्यांनी नळी सोडली. फरशी, भिंती, फळ्या, खोक्यांच्या कडा! सगळीकडं पाण्याचा फवारा. मग "चकाचक!" असं म्हणून, दिवा घालवून, शीळ घालत ते निघून गेले.

तिघं आत डोकावले. बारकीनं दिवा लावला आणि तिघांनी आ वासला.

ओल्या झालेल्या गुळगुळीत भिंतींवरून पिकल्या अळ्या सरसर चढत होत्या! कोरड्या भिंतीवर जिथं त्या घसरायच्या, तिथं पाण्याच्या पातळ थरात त्यांची अंगं चिकटत होती. आता फळीची गरजच कुणाला होती? डावीकडून, उजवीकडून, कडा ओलांडून, फरशीवर थपाथप उड्या टाकून सगळी फौज दारातून बाहेर पडत होती.

"आता सांगू या आईला!" तुतारी म्हणाला, पण लगेच त्याचा चेहरा पडला. "पण बाबा..."

"ए! 'पण' माझं आहे," पणू म्हणाला.

बारकी खाली बसली. "सांगून काय होणार? उद्या सकाळपर्यंत मोजेवालीची पिसं येतील का? डॉक्टरीणबाई शेड पाहणार आणि म्हणणार, अळ्यांवर कोंबड्या जगत नाहीत. मग टेम्पो येणार." "अळ्या खाल्लेली एखादी टुणटुणीत कोंबडी दाखवता आली असती तर..."

ती बोलता बोलता थांबली. पणू तिच्याकडं पाहायला लागला. मग तुतारी. तिघांच्याही माना सावकाश भिंतीपलीकडच्या पत्र्याच्या छपराकडं वळल्या.

"पण शेठ त्यांच्या कोंबड्या इथं आणतील कशाला?"

"आणतील," बारकी उठली. "उचलून, मिरवत आणतील! तुतारी, भिंतीपाशी जा आणि मला एक गुपित सांग. कानात."

तुतारी भिंतीपाशी गेला आणि कुजबुजला, "ऐकलंस का, डॉक्टरीणबाई उद्या येणारेत! त्या म्हणे सांगणार आहेत की शेठच्या कोंबड्यांत काही दम नाही! शेठ काही त्यांना आणून दाखवायचे नाहीत, घाबरतात म्हणे!"

पलीकडं खुर्ची कर्रकन वाजली. आणि नुसती वाजली नाही, तर शेठनी तिला चक्क सोडलं!

*

रविवारी डॉक्टरीणबाई आल्या. उंच, शांत बाई. डाव्या शेडमधून फिरल्या, "छान" म्हणाल्या. मग उजव्या शेडमध्ये शिरल्या. मोजेवालीला उचलून त्यांनी तिच्या पाठीवरचं टक्कल पाहिलं आणि हलकेच खाली ठेवलं.

"प्रथिनं कमी पडलीत, ताई," त्या आत्याला म्हणाल्या. "वाईट वाटतं, पण असंच असेल तर..."

"थांबा!" दारातून गर्जना झाली. पेंडशेठ! दोन हातांत दोन पिंजरे, मिशीला ताजं तेल. "तुलना करायची तर यांच्याशी करा! शुद्ध पेंड! किडा म्हणून यांनी जन्मात पाहिलेला नाही!"

डॉक्टरीणबाईंनी एक कोंबडी हातात घेतली, पंख पसरून पाहिला, डोळे पाहिले आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "वा! ही तर उत्तम आहे."

शेठ इतके फुगले की सदऱ्याचं एक बटण उडून आत्याच्या हातातल्या चहात पडलं. आत्यानं ते चमच्यानं काढलं आणि बशीत ठेवलं. तिचा पडलेला चेहरा बारकीला पाहवेना.

"डॉक्टर," ती पुढं झाली. "शेठच्या कोंबड्यांना खाली सोडू का? अंगणात दोन ताटल्या ठेवते. एकीत शेठचं खाद्य, दुसरीत अळ्या."

"पण एक डाव्या शेडमधलीही सोडा," पणू घाईनं म्हणाला. "पण तिनं अळी कधीच पाहिलेली नाही, म्हणून. तुलनेला!"

डॉक्टरीणबाई हसल्या. "तुलनेचं याला बरोबर कळतं. सोडा."

पणूनं डाव्या शेडमधली कोंबडी आणली. ती अळ्यांच्या ताटलीपाशी आली, थबकली, मान लांब केली, मान वाकडी केली, वळवळ दिसताच "क्वाक!" करून उंच उडाली आणि मागच्या मागं पळाली. कोंबडीला अनोळखी खाणं म्हणजे साक्षात भूत!

"बघा!" शेठ म्हणाले. "शहाणी कोंबडी! आता माझ्या बघा."

त्यांनी पिंजरे उघडले. शेठच्या कोंबड्या बाहेर आल्या. पेंडीच्या ताटलीकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही! लग्नात जेवणाची हाक ऐकल्यावर पाहुणे धावतात तशा त्या अळ्यांच्या ताटलीवर तुटून पडल्या. टक टक टक टक! ताटली चाटूनपुसून स्वच्छ! आणि मग सगळ्या मिळून बारकीभोवती गोळा झाल्या, दुसरी वाढ मागायला.



"शेठ," डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या. "यांनी किडा जन्मात पाहिलेला नाही ना?"

"नाही! म्हणजे... नसावा... अगं ए, थुंक ते!" शेठ एका कोंबडीला म्हणाले. तिनं गिळून टाकलं.

"गोदामात चला," बारकी म्हणाली. "तुमच्या खुर्चीच्या मागं!"

सगळे गोदामात गेले. तुतारी आणि पणूनं एक फळी उचलली आणि शेठ मटकन पोत्यावर बसले. "माझ्या गोदामात! माझ्या पेंडीखाली! आणि मला कळलं नाही?"

"कळलं कसं नाही?" बारकी म्हणाली. "रोज सगळ्या गावाला सांगत होतात की अंडी किती मोठी झालीत!"

डॉक्टरीणबाईंनी मूठभर अळ्या हातात घेतल्या. मग एकदम त्यांना हसू फुटलं. "ताई, तुमचा प्रयोग फसलेला नाही. अगदी उत्तम झालाय. फक्त भिंतीच्या चुकीच्या बाजूला झालाय!"

आत्या फळीकडं पाहत होती. कोंबड्यांकडं पाहत होती. "पण या इथवर आल्या कशा?"

तुतारीनं जमिनीकडं पाहिलं. बारकीनं छपराकडं. आयुष्यात पहिल्यांदाच तुतारीला कंठ फुटेना. शेवटी पणूनं सगळ्यांना परत अळ्यांच्या खोलीत नेलं, एक तांब्या पाणी घेतलं आणि एका खोक्याच्या भिंतीवर ओतलं. अळ्या बिगूल वाजल्यासारख्या भिंतीवर चढायला लागल्या. कोरड्या भिंतीवरच्या मात्र घसरून पडत होत्या.

"पण रोज इथं पाणी मारतंय कोण?" आत्या म्हणाली.

तेवढ्यात दारात रबरी बुटांचा आवाज झाला. "डॉक्टर आल्या का? आणखी एकदा फवारतो, म्हणजे चकाचक..."

काका आत आले. खांद्यावर हिरवी नळी. सगळ्यांच्या नजरा त्यांच्या खांद्यावर. काकांनी नळी हळूच पाठीमागं लपवली, पण लांबच लांब नळी ती, पाठीमागून दोन्ही बाजूंनी दिसत होती.

"मी आपला... तुला मदत म्हणून..." ते आत्याला म्हणाले. "सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"हो! नको म्हणाले असते!" आत्यानं कपाळाला हात लावला. "अहो, माझं सगळं पीक तुम्ही पाण्यानं वाहून शेजाऱ्याच्या घरी पोचवलंत! तेही रोज, न चुकता!"

"कामात हयगय मला खपत नाही," काका पुटपुटले. आणि मग त्यांचाच चेहरा असा काही झाला की आत्याला रागावताच येईना. ती हसली. मग डॉक्टरीणबाई, मग शेठ. शेठ हसले तेव्हा दुसरं बटण गेलं.

"बाबा, उद्यापासून कोरड्या फडक्यानं पुसायचं काम तुमचं," तुतारी म्हणाला. आवाज परत आला होता. खिडकीची काच साक्षीला खणखणली.

"कोरड्या फडक्यानं?" काकांचे डोळे चमकले. "सगळी खोकी? रोज?"

"पाहिजे तर दोनदा!" आत्या म्हणाली.

डॉक्टरीणबाई तिघांसमोर येऊन उभ्या राहिल्या. "दुसऱ्या गावांतही मी असे प्रयोग पाहिलेत. बादली रिकामी झाली की लोक अळ्यांना नावं ठेवतात आणि विषय संपवतात. अळ्या गेल्या कुठं, हे कुणी रांगत जाऊन पाहिलं नव्हतं! ताई, प्रयोग चालू ठेवा. उजव्या शेडला पोटभर अळ्या मिळाल्या की मी परत येते."

आत्यानं तिघांना एकदमच मिठीत घेतलं. ट्रे बांधायच्या दोरीनं बांधावं, तसं घट्ट. "पोरांनो, माझी शेड वाचवलीत रे!"

"पण पीठ आम्ही न विचारता घेतलं होतं," पणूनं तिच्या कुशीतून सांगून टाकलं.

तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला. टेम्पो! मागं रिकाम्या पिंजऱ्यांची चळत. चालक खाली उतरला आणि हात झटकत म्हणाला, "कोंबड्या कुठल्या शेडमधल्या? लवकर आटपू या, मला पुढं जायचंय."

आत्या बोलायला गेली आणि थांबली. तिनं बारकीच्या पाठीला हलकेच पुढं ढकललं.

बारकी फाटकापाशी गेली. चालकाच्या कमरेएवढीसुद्धा नव्हती ती. उजव्या शेडमधून मोजेवाली जाळीला चोच लावून बघत होती.

"कुठल्याच नाहीत," बारकी म्हणाली. "आमच्या कोंबड्या विकायच्या नाहीत. परत जा."

चालकानं डोकं खाजवलं, आत्याकडं पाहिलं, काकांकडं पाहिलं. सगळे बारकीकडंच पाहत होते. "बरं बाई," तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं," आणि पिंजरे खडखडवत निघून गेला.

"बाई!" तुतारी खिदळला. "ऐकलंत का, बाई म्हणाला!"

"हसतोस काय?" बारकीनं बाह्या सरसावल्या. "बादल्या घ्या! फळ्यांखालची सगळी फौज गोळा करायचीय. मोजेवाली कधीची उपाशी आहे!"

आणि त्या दुपारी पेंडशेठच्या गोदामात पहिल्यांदाच गिऱ्हाईक आलं आणि आल्या पावली परत गेलं. कारण आत पाहिलं, तर आत्या, काका, डॉक्टरीणबाई, तिन्ही मुलं आणि स्वतः शेठ, सगळे पालथे पडून फळ्यांखाली हात घालत होते, आणि मधूनच शेठचा आवाज येत होता, "हळू, हळू! या माझ्या कोपऱ्यातल्या जरा जास्त गुटगुटीत आहेत हं! शेवटी पेंडीचं वळण!"